लकव्याच्या रुग्णाला मोजायचं कशाला?

लकवा मारलेल्या माणसाची सुधारणा आकड्यांत मोजावी की नाही, हा वाद फिजिओथेरपीच्या पेशात जुनाच आहे. २०२१ मध्ये संसदेने या आणि अशा इतर आरोग्य-व्यवसायांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, तेव्हापासून त्याला धार आली. उद्या निकष ठरतील, नोंदी सक्तीच्या होतील, या नुसत्या शक्यतेनेच दोन फळ्या तयार झाल्या. एक फळी म्हणते, बार्थेल (रोजची कामं), बर्ग (तोल), फ्यूगल-मायर (हातापायांची हालचाल) यांचे गुणांचे तक्ते भरल्याशिवाय केलेले उपचार म्हणजे अंदाजपंचे कारभार. दुसरी म्हणते, हे सगळं गोऱ्यांचं खूळ; आमच्या ओपीडीत रांग लागलेली असते, पेशंट आमच्या डोळ्यांदेखत चालायला लागतो, त्याला गुण कसले द्यायचे? पहिल्या फळीतले बहुतेक जण महाविद्यालयात शिकवतात, दुसरीतले तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतात, आणि भांडण इतकं रंगतं की त्यात पेशंटचा विषय निघतच नाही. मी स्वतः तालुक्याच्या गावी काम करते, तरी बाजू मोजणाऱ्यांचीच घेणार आहे. मात्र त्यांची कारणं मला पटत नाहीत. मोजमाप 'पुराव्यावर आधारित' दिसण्यासाठी नको आहे आणि महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या तपासणीसाठी तर नकोच नको. ते यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीच्या खेड्यातल्या कुटुंबाला हवं आहे, आणि मोठ्या शहरातल्या रुग्णापेक्षा कितीतरी जास्त हवं आहे.

का, ते सांगते. शहरातल्या माणसाला थेरपिस्टकडे जायचं तर अर्धा तास जातो. आमच्याकडे पेशंट येतो तेव्हा त्याच्यासोबत एक धडधाकट माणूस येतो, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. ऑटो ठरवावा लागतो, कारण लकव्याचा माणूस एसटीच्या पायऱ्या चढू शकत नाही. आणि हे आठवड्यातून तीनदा करायचं असतं. म्हणजे उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे, हा निर्णय त्या घराला दर आठवड्याला घ्यावा लागतो. तो कशाच्या आधारावर घ्यायचा? मी म्हणते 'फरक पडतोय'. शेजारी म्हणतो 'काहीच फरक नाही, अमुक गावच्या वैद्याकडे न्या'. दोघांचं म्हणणं सारख्याच वजनाचं, कारण दोघांच्याही हातात काही नाही. हा आजार तुरळक असता तरी एक वेळ चाललं असतं. पण गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने खेड्यांमधल्या मृत्यूंचा माग काढून २०१५ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तिथल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात निघालं; साधारण दर सात मृत्यूंमागे एक. जे वाचतात ते कुठे जातात? बाजेवर, नाहीतर आमच्याकडे.

आता 'आम्हाला डोळ्यांना दिसतं' हा दावा घेऊ. तो खोटा नाही, पण फार स्वस्त आहे. पक्षाघातानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मेंदू स्वतःहून बराच सावरतो. कुणी काही केलं नाही तरी पुष्कळ रुग्णांचा पाय उचलला जाऊ लागतो, तोंड सरळ होतं, बोलणं उमजू लागतं. या काळात जो जवळ असतो त्याला श्रेय मिळतं. मालिशवाल्याला मिळतं, झाडपाल्याची पुडी देणाऱ्याला मिळतं, कबुतराचं रक्त चोळणाऱ्यालासुद्धा मिळतं, आणि हो, आम्हालाही मिळतं. कबुतरवाल्याचा डोळा आणि माझा डोळा यांत फरक काय? पदवी माझ्याकडे आहे, पण पदवीने नजर तटस्थ होत नाही. ज्याने दोन महिने घाम गाळला त्याला सुधारणा दिसतेच. ज्याने पैसे मोजले त्यालाही ती दिसायला हवी असते.

नजरेच्या भरवशावर राहिलं की काय होतं याची दोन मोठी उदाहरणं आपल्याच क्षेत्रात आहेत. पक्षाघाताच्या रुग्णाला पहिल्या २४ तासांतच अंथरुणातून उठवावं, वारंवार उभं करावं, जितकं लवकर आणि जितकं जास्त तितकं चांगलं, असं जगभरच्या चांगल्या चांगल्या थेरपिस्टना मनापासून वाटत होतं. 'अव्हर्ट' नावाच्या चाचणीत पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांवर हे तपासलं आणि २०१५ मध्ये निष्कर्ष आला तो उलटा: तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेल्यांचं प्रमाण नेहमीच्या उपचारांत ५० टक्के आणि या घाईच्या उपचारांत ४६ टक्के. चार टक्क्यांचा हा फरक कोणत्या डोळ्याला दिसला असता? दुसरं उदाहरण तर भारतातलंच. आपल्याकडे थेरपिस्ट कमी, म्हणून घरच्यांनाच रुग्णालयात व्यायाम शिकवून पाठवावं, ही कल्पना इतकी सुंदर की तिला विरोध करायला जीभ वळणार नाही. 'अटेंड' चाचणीत देशातल्या १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण घेतले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत सारखंच, ४७ टक्के. २०१७ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मोजलं नसतं तर आज ही योजना गावोगावी चालू असती आणि प्रत्येक तालुक्यात तिचे गुण गाणारे कार्यकर्ते भेटले असते, कारण त्यांच्या समोरचा रुग्ण खरोखरच सुधारला असता. दुसऱ्या गटातलाही तितकाच सुधारला, हे त्यांना कळलं नसतं एवढंच.

इथे एक गोष्ट आमच्या मोजमापवाद्या मित्रांनाही सुनवायला हवी. एकाच पेशंटचे आधीचे आणि नंतरचे गुण मांडून 'बघा, उपचार लागू पडले' असं म्हणता येत नाही. नैसर्गिक सुधारणा त्या गुणांतही असतेच. मग एकट्या पेशंटला मोजून काय मिळतं? सुधारणा कधी थांबली ते मिळतं. गेल्या खेपेपेक्षा माणूस खाली घसरला, तर तेही मिळतं. पहिले तीन-चार महिने आकडा चढतो, मग सपाट होतो, आणि तिथे थेरपिस्टला ठरवावं लागतं: पद्धत बदलायची, की घरच्यांना प्रामाणिकपणे सांगायचं की आता रोजचा ऑटो बंद करा, घरीच करा. आकडा नसेल तर हा सपाट भाग वर्षभर खेचता येतो. किती घरांनी म्हशी विकून तो खेचला आहे, हे आमच्या पेशातल्या लोकांनी एकमेकांना विचारून पाहावं.

विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. हे तक्ते आपल्या घरांसाठी बनलेलेच नाहीत. बार्थेल निर्देशांक मेरीलँडच्या दीर्घ आजाराच्या रुग्णालयांमध्ये तयार झाला. फ्लॉरेन्स महोनी या डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल या फिजिओथेरपिस्ट यांनी तो १९६५ मध्ये छापला. त्यात दहा कामं आहेत, एकूण गुण १००. जेवणाच्या कलमात 'कापायला, लोणी लावायला मदत लागते' असं लिहिलेलं आहे. इथे भाकर कुस्करून खाणाऱ्या माणसाला लोणी कसलं विचारता? शौचालयाचं कलम कमोडवर बसण्या-उठण्याचं आहे. आपल्या गावांत योजनेतून बांधलेल्या संडासात उकिडवं बसावं लागतं, धरायला नळीचा तुकडाही नसतो, आणि लकव्याचा पाय गुडघ्यात वाकला की उठायचं कशाच्या जोरावर? जिना चढण्याचे दहा गुण आहेत. दवाखान्याच्या जिन्याला कठडा असतो, सगळ्या पायऱ्या एका उंचीच्या असतात. तिथे दहापैकी दहा मिळवणारे एक आजोबा स्वतःच्या घराच्या ओट्यावर चढू शकत नव्हते. ओट्याला तीन दगड लावलेले, एक वीतभर, एक गुडघ्याएवढा, तिसरा हलणारा, आणि धरायला फक्त पत्र्याच्या दाराची चौकट, तीही डाव्या हाताला. त्यांचा डावाच हात गेला होता. कागदावर पूर्ण गुण असलेला माणूस चार महिने अंगणात उतरला नव्हता.

हा दोष मान्य केल्यावर पुढे काय? विरोधक म्हणतात, म्हणून तक्ता फेका. मी म्हणते, म्हणून कलम बदला. हे काम आपल्या देशात आधी झालेलं आहे. विस्मरणाची तपासणी करणारी पाश्चात्त्य प्रश्नावली हरयाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत नेली, तेव्हा तिच्यातले उलट स्पेलिंग सांगण्याचे, वाक्य वाचून तसं करण्याचे प्रश्न शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यांना लागूच पडेनात. संशोधकांनी प्रश्नावली टाकून दिली नाही. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितलं. वाचायला लावण्याऐवजी 'माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा' असं केलं. आणि मग ते नवं रूप तिथल्याच लोकांवर नव्याने तपासून १९९५ मध्ये हिंदी आवृत्ती म्हणून प्रसिद्ध केलं. यातलं 'नव्याने तपासून' महत्त्वाचं. आपल्याकडे सोयीचा प्रकार असा चालतो की कमोडच्या जागी मनातल्या मनात भारतीय संडास धरायचा, दोन कलमं गाळायची आणि खाली मात्र 'बार्थेल ८५' लिहायचं. तो ८५ मग कुणाच्याच ८५ शी जुळत नाही. कलम बदललं तर नाव बदला, पुन्हा पारखा, दोन वेगळ्या थेरपिस्टनी एकाच रुग्णाला दिलेले गुण जुळतात का पाहा. विदर्भात फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत, दरवर्षी पदव्युत्तर प्रबंध लिहिले जातात. उकिडवं बसणं, ओटा चढणं, धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) चालणं, डोक्यावर पाण्याची गुंडी घेणं यांचं पारखून घेतलेलं मराठी मोजमाप तयार करण्याऐवजी तेच ते 'अमुक व्यायामाचा तमुक गुणांवर परिणाम' छापाचे प्रबंध का निघतात, हे मला कळत नाही. कळतं खरं म्हणजे, पण तो वेगळा लेख होईल.

आणि 'खेड्यातल्या माणसाला मोजमाप झेपत नाही' हा युक्तिवाद तर विदर्भात कुणी करूच नये. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी बाळांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं तेव्हा अडचण अशी होती की, मिनिटाला श्वास किती हे मोजल्याशिवाय निदान नाही आणि गावातल्या सुईणींना इतके आकडे मोजता येत नव्हते. तेव्हा त्यांनी मणी आणि वाळूचं घड्याळ यांचं श्वासमापक बनवलं: ठरावीक श्वासांनंतर एक मणी सरकवायचा, वाळू संपण्याआधी ठरलेल्या मण्यापर्यंत पोचलात की बाळाला औषध. त्या कामाने बालमृत्यू घटल्याचा अहवाल १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. मोजणाऱ्याला अंक येत नाहीत म्हणून मोजणी सोडली नाही, मोजायचं साधन बदललं. चाळीस वर्षं होत आली या गोष्टीला, आणि आम्ही पदवीधर मंडळी म्हणतो की आमच्याकडे वेळ नाही.

गावातल्या माणसाला आकडा कळत नाही, हाही एक गोड गैरसमज. एक पन्नाशीच्या बाई होत्या, उजव्या बाजूचा लकवा. घरात चालत होत्या, अंघोळ स्वतः करत होत्या, डाव्या हाताने जेवत होत्या. बार्थेलचे गुण शंभराला टेकलेले. पुस्तकाप्रमाणे केस संपली. त्यांच्या दृष्टीने ती सुरूच झाली नव्हती. कापूस वेचायला दोन हात लागतात. एका हाताने फांदी धरायची, दुसऱ्याच्या बोटांनी बोंडातला कापूस असा ओढायचा की वाळलेली पात्या-पानं सोबत येता कामा नयेत, नाहीतर कचरा म्हणून भाव कापतात. बोंडाची टोकं बोटांना टोचतात. ओटीत भरत जायचं आणि कमरेवरचं ते वजन घेऊन ओळीने वाकत पुढे सरकायचं. त्या फांदी काखेत दाबून डाव्या हाताने वेचायच्या. 'पह्यलं जेवढा वेचत होती, त्याच्या अर्धाबी होत नाही आता,' त्या म्हणाल्या. हे त्यांना कुणी सांगितलं? संध्याकाळी धुऱ्यावर टांगलेल्या काट्याने. मजुरी किलोवर मिळते, तेव्हा रोजचा आकडा त्यांना तोंडपाठ. माझ्या तक्त्यात नसलेलं, पण रोज न चुकता होणारं, दुसऱ्याच माणसाने केलेलं आणि पैशांना बांधलेलं मोजमाप त्यांच्याकडे होतं. यापेक्षा चोख परिणाम-मापन कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

गंमत म्हणजे बार्थेलबाई आणि महोनीबाईंनी हे स्वतःच लिहून ठेवलं होतं. शंभर गुण मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असं नव्हे, त्याला स्वयंपाक, घरकाम जमेलच असं नव्हे. त्याला सतत माणूस जवळ लागत नाही एवढाच त्याचा अर्थ, असं त्या मूळ लेखात आहे. तक्ता वापरणाऱ्यांनी तो लेख वाचला नाही आणि तक्त्याला विरोध करणाऱ्यांनीही नाही. शंभराच्या पलीकडचं मोजायचं तर १९६८ पासून एक साधी पद्धत आहे: रुग्णानेच ध्येय सांगायचं, ते किती गाठलं की 'अपेक्षेएवढं' ते आधीच लिहून ठेवायचं, त्याच्या वर दोन पायऱ्या आणि खाली दोन. कापूस किलोत, वावरापर्यंतचं अंतर झाडांच्या खुणांत, भाकरी थापणं नगांत. किरेसुक आणि शर्मन या दोघांनी ती मानसिक आरोग्यासाठी काढली, मग पुनर्वसनात रुळली. तिच्यात पळवाट आहेच, ध्येय सोपं ठेवलं की गुण आपोआप चांगले. म्हणून ती एकटी वापरू नये. बार्थेलसारखं सगळ्यांना सारखं असलेलं एक मोजमाप आणि रुग्णाचं स्वतःचं एक, अशी जोडी हवी.

बेरजेबद्दलही विरोधक बरोबर बोलतात. पायऱ्यांचे गुण हे वजन-उंचीसारखे खरे आकडे नव्हेत, त्यांची बेरीज म्हणजे नुसता क्रम. चालता येत नाही पण लघवी-शौचावर ताबा आहे असा एक, आणि चालतो पण कपड्यांत होतं असा दुसरा, दोघांची बेरीज ६० येऊ शकते. दोघांच्या सुनांना विचारा, हे दोन ६० सारखे आहेत का. १९८९ पासून पुनर्वसनाच्या नियतकालिकांत याबद्दल इशारे छापून येत आहेत. उपाय अवघड नाही, बेरजेसोबत दहाही ओळी कार्डावर दिसू द्या. घरच्यांना बेरजेशी देणंघेणं नसतंच, त्यांना ओळ हवी असते.

वेळेचा मुद्दा खरा आहे, पण तो फुगवलेला आहे. फ्यूगल-मायर पूर्ण करायला अर्धा तास लागतो, गर्दीच्या ओपीडीत तो करा असं सांगणारा माणूस कधी ओपीडीत बसलेला नसतो. बर्गच्या तोल-मापनातले १४ प्रकार करायला पाव तास तरी हवा, आणि त्यात दोन-तीन गुणांचा फरक आला तर तो रुग्णाचा की मोजणाऱ्याचा हे सांगता येत नाही. पण दहा मीटर चालण्याला काय लागतं? एक दोरी, मोबाइलमधलं घड्याळ आणि दवाखान्यासमोरचा रस्ता. कॅलिफोर्नियात जॅकलिन पेरी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये लावलेला हिशोब आपल्या भाषेत असा येतो की, दहा मीटरला २५ सेकंदांहून जास्त लागत असतील तर माणूस साधारण घरापुरताच, आणि साडेबाराच्या आत आला तर बाहेर मोकळा फिरू शकतो. तिकडचे रस्ते आणि पावसाळ्यातली आपली पांदण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे धरूनच हा आकडा वापरायचा. पण २८ चे १९ सेकंद झाले, हे न शिकलेल्या आजीलाही समजतं. तिच्या नातवाला तर फार आवडतं, पुढच्या वेळी घड्याळ तोच धरतो.

वेळ नाही, हे कारण नवं नाही. बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन नावाच्या शल्यचिकित्सकाने शंभर वर्षांपूर्वी एवढंच म्हटलं होतं की, प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवा, वर्षानंतर त्याला बोलावून बघा आणि उपचार फसले असतील तर का फसले ते लिहा. सहकारी चिडले. कॉडमनने मोठ्या रुग्णालयातली जागा सोडली, स्वतःचं छोटं रुग्णालय चालवलं आणि १९११ ते १९१६ या काळातल्या ३३७ रुग्णांमध्ये आपल्या १२३ चुका झाल्याचं छापून टाकलं. तेव्हाच्या प्रतिष्ठित डॉक्टरांचे आक्षेप काय होते? रुग्ण परत येत नाहीत. आम्हाला अनुभवाने कळतं. हे कारकुनी काम आहे. एकही आक्षेप आज जुना वाटत नाही.

उरला तो आक्षेप ज्याला मी सर्वांत घाबरते. आकडा सरकारच्या हाती गेला की आकड्यासाठीच काम सुरू होतं. विदर्भाने हे कुष्ठरोगात पाहिलं आहे. वरोऱ्याला १९४९ मध्ये आनंदवन उभं राहिलं, कुष्ठरोगाचं ओझं या भागाने पिढ्यान् पिढ्या वाहिलं. पुढे बहुविध औषधोपचार आले आणि ध्येय ठरलं: दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. २००५ च्या डिसेंबरअखेर देशाने ते गाठल्याचं जाहीर झालं. औषधांचा कोर्स संपला की नाव नोंदवहीतून उतरतं, पण वाकडी झालेली बोटं, संवेदना गेलेला पाय, तळव्याची जखम नाव उतरल्याने बरी होत नाही. तो हातही मज्जातंतूंच्याच आजाराचा, त्यालाही फिजिओथेरपीच लागते. रुग्ण संपले असं आकड्याने सांगितलं आणि रुग्ण तर समोर बसलेले होते. मात्र या घोटाळ्याचं उत्तर काय निघालं तेही पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रुग्णांमधल्या दृश्य विकृतीचं प्रमाण हा निकष पुढे आणला. म्हणजे चुकीच्या मोजमापाला उत्तर म्हणून आणखी एक, जास्त प्रामाणिक मोजमापच आलं.

याचंच दुसरं रूप आम्ही रोज पाहतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के अपंगत्व लागतं, आणि 'किती टक्के निघाले?' हा प्रश्न गावात पावसापाण्याच्या चौकशीसारखा विचारला जातो. मी कार्डावर सुधारणा लिहायला घेतली की मुलगा हळूच म्हणतो, 'मॅडम, जास्त चांगलं नका लिहू, टक्के कमी निघतीन.' तो लबाड नाही. एका खिडकीवर गुण वाढले तर फायदा, दुसरीवर वाढले तर तोटा, अशी व्यवस्था आपण त्याच्यापुढे मांडली आहे. म्हणून माझा आग्रह आहे की, उपचारासाठीचं मोजमाप आणि प्रमाणपत्रासाठीचं मोजमाप यांची कागदपत्रं एकमेकांना लागू देऊ नयेत. उद्या आयोगाने नोंदी सक्तीच्या केल्या, तरी एका थेरपिस्टच्या रुग्णांची सरासरी काढून त्याला बक्षीस किंवा दंड लावू नये. तसं झालं तर जड रुग्ण कुणी घेणारच नाही. दोन्ही बाजू गेलेला, बेडसोअर झालेला माणूस आकडा बिघडवतो.

पण आकडा बदनाम झाला म्हणून मोजणीच नको, असं इथला शेतकरी कधी म्हणाला आहे का? इंग्रजांच्या काळापासून पिकाची आणेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, निघते, नंतर तिची पैसेवारी झाली. ५० पैशांच्या आत आली तर शेतसाऱ्यात सूट, मुलांची परीक्षा फी माफ. ५१ आली तर काही नाही. नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरात रस्त्यावरून हिरवं रान बघून काढली जाते आणि बोंडं मात्र आतून सडलेली असतात, यावरून दरवर्षी तहसीलवर मोर्चे जातात. त्या मोर्च्यांची मागणी काय असते? पैसेवारी रद्द करा, अशी नसते. रस्त्यावरून पाहू नका, वावरात उतरा, पीक कापणी प्रयोग नीट घ्या, गावाच्या समितीत आमचा माणूस बसवा, अशी असते. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर पावसाची तूट, जमिनीतला ओलावा, उपग्रहावरून दिसणारी पिकाची स्थिती असे निकष वाढले आणि त्यावरही तितकीच भांडणं झाली. शेतकऱ्याला ठाऊक आहे की मोजणीच थांबली तर नुकसान झालंच नाही असं धरलं जाईल. लकव्याच्या रुग्णांची कुठे मोजणीच नाही, म्हणून त्यांच्या नावाने मोर्चाही निघत नाही. 'डोळ्यांनी दिसतं' म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांची पद्धत नजरअंदाज पैसेवारीची आहे, फक्त त्यांना ती पैसेवारी लावणारे आपण आहोत हे लक्षात येत नाही.

मग करायचं काय? माझ्या मते एक जाड कार्ड, रुग्णाच्या घरी राहणारं, गरोदर बाईचं असतं तसं. त्यावर बार्थेलच्या दहा ओळी, मराठीत आणि पारखून घेतलेल्या. दहा मीटरचे सेकंद. आणि रुग्णाने सांगितलेलं एक काम. भरायला सरावाने दहा-बारा मिनिटं लागतात. रोज नको, महिन्याला एकदा पुरे. शक्य तिथे मोजणारा हात उपचार करणाऱ्याचा नसावा. इंटर्न असेल तर इंटर्नचा, नसेल तर शेजारच्या गावच्या थेरपिस्टशी अदलाबदल करावी. परवाना घेऊन वापरावी लागणारी परदेशी मोजमापं संशोधनापुरती ठेवावीत. आणि तपासणीची तारीख डोकं ठिकाणावर ठेवून द्यावी. दिवाळीच्या आगेमागे वेचणी जोरात असते, तेव्हा आमच्या ओपीडीत लकव्याचे पेशंट निम्मे होतात. त्यांना 'फॉलोअपला आले नाहीत' अशा शेऱ्याखाली टाकून देण्याची पद्धत आहे. रुग्ण किती परावलंबी आहे ते सांगणारी रँकिन श्रेणी फोनवर ठरावीक प्रश्न विचारून भरता येते आणि मोठ्या चाचण्यांमध्ये ती तशी भरतातही. तीन महिन्यांची नोंद ऑक्टोबर-नोव्हेंबरात येत असेल तर संध्याकाळी सातनंतर फोन लावावा, त्याआधी घरात कुणी नसतं.